रमी जिंकताना ‘स्ट्रेस ८१’

रविवारी संध्याकाळी साडेपाचला काकांचा फोन आला. आवाज जरा पडलेला. “अरे, हे घड्याळ म्हणतंय स्ट्रेस ८१. लाल रंगात दाखवतंय. काही टेस्टबिस्ट करायची का?”

काका ६८ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. घड्याळ म्हणजे चुलतभावाने दिवाळीला दिलेलं स्मार्टवॉच. मी विचारलं, “काका, तेव्हा तुम्ही करत काय होतात?”

“काही नाही रे. सोसायटीच्या ऑफिसात पत्ते खेळत बसलो होतो.”

“हरत होतात?”

“छे! लागोपाठ तीन डाव मारले.”

घड्याळाच्या मते जो माणूस प्रचंड ताणाखाली होता, तो त्या घटकेला अख्ख्या सोसायटीत सगळ्यात खूश होता. आणि गंमत म्हणजे घड्याळ बिघडलेलंही नव्हतं. त्याने मोजायचं ते बहुतेक बरोबर मोजलं होतं, फक्त त्याला जे नाव दिलं ते भलतंच होतं. हा घोळ नीट कळला की मनगटावरच्या यंत्राचं कुठलं म्हणणं मनावर घ्यायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे बऱ्यापैकी उलगडतं.

खोलीतला दिवा घालवा आणि घड्याळ हातातून काढून उलटं धरा. मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकताना दिसू शकतील. रक्त लाल दिसतं कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते, तेवढ्या क्षणापुरता हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. लाट ओसरली की तो पुन्हा वाढतो. दिव्यांशेजारचा सेन्सर ही चढउतार सेकंदाला कितीतरी वेळा टिपत राहतो. या पद्धतीला म्हणतात पीपीजी. अमेरिकेतल्या अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकातच बोटावर प्रकाश टाकून हा प्रयोग केला होता. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात ते यंत्र याच घराण्यातलं, फक्त तिथे लाल आणि अदृश्य इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतात.

म्हणजे घड्याळाला थेट कळतं ते इतकंच: लाट कधी आली आणि पुढची कधी आली. पट्टा सैल असला, हात हलत असला, बोटं थंडीने गारठली असली किंवा मनगटावर गडद गोंदण असलं, तर तेवढंही धड कळत नाही. झोपेचा स्कोअर, ताण, ‘बॉडी बॅटरी’ (अंगात किती ताकद उरली त्याचा आकडा), हृदयाचं वय असं बाकीचं जे काही पडद्यावर येतं, त्यातलं बरंचसं या लाटांमधल्या अंतरावरून आणि हाताच्या हालचालीवरून बांधलेल्या अंदाजांचं असतं.

आता या अंतरात ताण कुठून येतो ते बघू. दोन मिनिटं लागतील, करून पाहा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेवा आणि नाडी सापडली की सावकाश खोल श्वास घ्या, मग तितक्याच सावकाश सोडा. बऱ्याच जणांना स्पष्ट जाणवतं की श्वास घेताना नाडी किंचित घाईला येते आणि सोडताना रेंगाळते. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये हे नोंदवून ठेवलं होतं.

यामागे दोन नसांची ओढाताण आहे. हृदयाला स्वतःचा ठेका असतो. त्याला मोकळं सोडलं तर त्याचे ठोके मिनिटाला साधारण १०० च्या आसपास पडतील. पण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत ब्रेक लावत असते, म्हणून निवांत बसल्यावर आकडा ६०-७० ला येतो. दुसऱ्या बाजूला ॲक्सिलरेटर दाबणारी सिंपथेटिक नसांची यंत्रणा. निवांतपणी व्हेगसचा ब्रेक प्रत्येक श्वासाबरोबर थोडा सुटतो, थोडा लागतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं. भीती, घाई, राग, ताप, जागरण, दारू यांतलं काहीही आलं की ब्रेक ढिला पडतो आणि ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसुरी व्हायला लागतात.

आकड्यांत बघा. निवांत माणसाचे सलग सहा ठोके घेतले आणि त्यांच्यामधली अंतरं मिलिसेकंदांत अशी आली: ९४०, १०५०, ९८०, १०४०, ९६०. प्रत्येक अंतराचा पुढच्याशी फरक काढा, त्यांचे वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. उत्तर ८२ च्या आसपास. आता तोच माणूस मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलाय: ८२०, ८२८, ८१५, ८२२, ८१८. तेच गणित, उत्तर जेमतेम ९. नाडीचा वेग ६० वरून ७३ झाला, म्हणजे फार नाही. पण ही दुसरी संख्या पार कोसळली. ठोक्यांच्या या लवचिकपणाला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. (उदाहरणातले आकडे माझे आहेत, खऱ्या मोजणीला एवढे ठोके पुरत नाहीत.)

ही कल्पना कुणा घड्याळ कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. १९६५ च्या सुमाराला प्रसूतितज्ज्ञांच्या लक्षात आलं की पोटातल्या बाळाचे ठोके कमी होण्याआधीच त्यांच्यातली ही चढउतार मंदावते. आज प्रसूतिगृहात पोटाला पट्टे लावून कागदावर जी नागमोडी रेघ काढतात, त्या सीटीजीत डॉक्टर हेच शोधत असतात: रेघ फार सपाट झाली की त्यांची धावपळ सुरू. सोव्हिएत रशियात रोमान बायेव्स्की यांनी अंतराळवीरांच्या शरीरावरचा भार ठोक्यांमधल्या अंतरांवरून जोखण्याचं काम केलं. त्यांचा ‘स्ट्रेस इंडेक्स’ अजूनही वापरात आहे.

तर काकांकडे परत. तिसरा डाव लागायला एकच पान हवं आहे, चहा नुकताच झालाय, समोरचा जोशीबुवा काय टाकतो याकडे डोळे लागलेत. ब्रेक ढिला, ॲक्सिलरेटर दाबलेला. घड्याळाने ते टिपलं. पण शरीराची ही जाग आनंदाची, धास्तीची की नुसत्या दोन कप चहाची, हे ठोक्यांच्या अंतरात कुठेच लिहिलेलं नसतं. इंजिन रेस झालंय एवढं त्याला समजलं. गाडी घाट चढतेय की शर्यत जिंकतेय हे बॉनेटखाली कान लावून कसं कळणार?

शिवाय ताणाला एकक नाही. साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. ताणाचं असं काही नाही. कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजता येतं, पण ते सकाळी उठल्यावर असंही वर असतं आणि रात्री खाली. त्यामुळे शून्य ते शंभरची पट्टी प्रत्येक कंपनीने आपापली आखली आहे, सूत्रही आपापलं. एकाच हातात दोन कंपन्यांची घड्याळं बांधली तर दोन आकडे येतील आणि त्यातला खरा कुठला हा प्रश्नच निरर्थक. वयाबरोबर एचआरव्ही कमी होतेच. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर गणित आणखी बदलतं. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. उपयोग असलाच तर तो स्वतःच्या झोपेतल्या आकड्यांचा: महिनाभर एका पातळीवर असलेली एचआरव्ही चार रात्री सलग पडली, तर जागरण, पिणं, येऊ घातलेला ताप यांपैकी काहीतरी शोधायला हरकत नाही. दुपारी चार वाजताच्या ८१ ला मी काडीचीही किंमत देत नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “पण स्ट्रेस टेस्ट तर मी मागच्या वर्षी केली होती, नॉर्मल आली होती.” हा आपल्याकडचा आणखी एक गोंधळ. दवाखान्यातली स्ट्रेस टेस्ट म्हणजे टीएमटी, पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. तिथला स्ट्रेस म्हणजे हृदयावरचा कामाचा भार, त्याचा मनाच्या ताणाशी संबंध नाही. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात आणि हृदयाला रक्त अपुरं पडल्याच्या खुणा ईसीजीत उमटतात का ते बघतात.

इथे एक जुनीच उपमा कामाला येते. हृदय म्हणजे एक पंप. त्याला वायरिंग आहे, झडपा आहेत आणि पंपाला स्वतःला रक्त पुरवणारे पाइप आहेत. वायरिंग दिसतं ईसीजीत. झडपा आणि पंपाची ताकद दिसते टू डी एकोत. पाइप तुंबलेत का याचा अंदाज टीएमटी देते, आणि प्रत्यक्ष दिसतात ते अँजिओग्राफीत. घड्याळ वायरिंगच्या दारापर्यंत पोचतं, त्यापुढे त्याला प्रवेश नाही. आपल्याकडची मोठी भीती मात्र पाइपांची. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकी जगात तो ५८-५९ ला होता.

मग घड्याळातला ईसीजी काय करतो? त्यासाठी थोडं लायडनला जायला हवं. नेदरलँड्समधल्या त्या गावात विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र उभं केलं. वजन २७० किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं, कारण चिकटवायच्या पट्ट्या तेव्हा नव्हत्या. १९२४ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. उजवा हात आणि डावा हात यांच्यामधून हृदयाची वीज बघण्याला त्यांनी ‘लीड वन’ म्हटलं. आज घड्याळाची पाठ डाव्या मनगटाला टेकलेली असते, उजव्या हाताचं बोट आपण कडेच्या बटणावर ३० सेकंद ठेवतो, आणि जे उमटतं ते आइंटहोवेन यांचं लीड वनच. दोन बादल्या मनगटावर आल्या म्हणायच्या.

पण तो एकच लीड. दवाखान्यात हातापायांना चार आणि छातीला सहा पट्ट्या लावून बारा बाजूंनी हृदय बघतात. बारा खिडक्यांच्या वाड्यात एकाच खिडकीतून डोकावलं तर मागच्या अंगणात आग लागली तरी दिसेलच असं नाही. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक वेगळ्या लीडमध्ये उमटतो, लीड वनला तो हुकू शकतो. ॲपलचं घड्याळ तर स्वतःच सांगतं की हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. छातीत दडपण, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही असताना “ईसीजी तर नॉर्मल दाखवतोय, ॲसिडिटी असेल” म्हणून सोडा पिऊन पडून राहिलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतो. मधुमेहींना तर अनेकदा कळही धड येत नाही, नुसता दम लागतो. तिथे घड्याळाकडे न बघता १०८ ला फोन लावायचा. बारा लीडचा ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी याला घरात पर्याय नाही.

मात्र एक गोष्ट या घड्याळांना खरोखर चांगली जमते: अनियमित ठोके पकडणं. त्यातला महत्त्वाचा आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात एएफ. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे आवळण्याऐवजी नुसते थरथरतात. साचलेल्या पाण्यावर जसं शेवाळ धरतं तसं डावीकडच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, गुठळी धरते, ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायूचा झटका. एएफमुळे हा धोका साधारण पाचपट होतो. आपल्याकडे वय आणि रक्तदाब यांच्या जोडीला आणखी एक कारण असतं: लहानपणी घसा सुजून मग आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली झडप. आणि एएफ येऊनजाऊन असतो. दवाखान्यात दहा सेकंदांचा ईसीजी काढताना तो नेमका सुट्टीवर असतो. चोवीस तास मनगटावर बसलेल्या यंत्राचा इथे फायदा होतो.

किती फायदा, याचं मोठं मोजमाप स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलबरोबर केलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. ४,१९,२९७ लोक, साधारण चार महिने देखरेख. अनियमित नाडीचा इशारा मिळाला २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के. चाळिशीच्या आतल्यांत ०.१६ टक्के, ६५ च्या पुढच्यांत ३.१ टक्के. इशारा मिळालेल्यांना टपालाने ईसीजीची चिकटपट्टी पाठवली. ती लावून परत केलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत एएफ सापडला. “म्हणजे दोन तृतीयांश वेळा चुकीचं?” असं वाटेल, पण पट्टी लागेपर्यंत सरासरी १३ दिवस गेले होते आणि तोवर येऊनजाऊन असलेला एएफ गेलेला असू शकतो. पट्टी छातीवर असतानाच घड्याळाने जे इशारे दिले, त्यांपैकी ८४ टक्के वेळा पट्टीवरही एएफ होता. एक ठोका चुकला म्हणून हे घड्याळ ओरडत नव्हतं, हेही महत्त्वाचं. ४८ तासांच्या आत लागोपाठच्या सहा नोंदींतल्या पाच बिघडलेल्या असतील तरच इशारा.

गंमत बघा, एएफमध्ये ठोक्यांमधलं अंतर अस्ताव्यस्त असतं. वर केलेलं एचआरव्हीचं गणित डोळे मिटून त्याला लावलं तर उत्तर येईल भलंमोठं, म्हणजे “माणूस अगदी निवांत आहे”. एएफ वगळल्याशिवाय एचआरव्ही वाचताच येत नाही.

तपासणी स्वस्त झाली की ती वाढते, आणि तिचा त्रासही वाढतो. वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली एक हकीकत आहे: एएफ असलेल्या ७० वर्षांच्या एका बाईंनी वर्षभरात घड्याळावर ९१६ वेळा ईसीजी काढला. दवाखान्याच्या खेपाही बऱ्याच झाल्या, आणि शेवटी उपचार करावे लागले ते त्या काळजीवर. पंचविशीतल्या धडधाकट मुलाने रोज झोपताना ईसीजी काढण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचार मंडळाने २०१८ मध्ये धोका कमी असलेल्या, तक्रार नसलेल्या माणसांचा उगाच ईसीजी काढू नका असंच सांगितलं आहे. छातीत धडधड होतेय, चक्कर येतेय, त्याच क्षणी बोट ठेवून ३० सेकंदांची पट्टी काढली आणि डॉक्टरांना दाखवली, तर मात्र ती सोन्यासारखी.

घड्याळांना निदान पायाशी शास्त्र आहे. सोसायट्यांच्या आरोग्य शिबिरांत एक धातूचा दांडा हातात देतात, मिनिटभर धरायला लावतात आणि तीसचाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट छापून देतात: हृदयाच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता, हाडांतलं कॅल्शियम, मेंदूचा ताण, सगळं दशांश चिन्हासकट. आमच्या इथल्या शिबिरात मी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा धरला, दुसऱ्यांदा वय वीस वर्षांनी वाढवून सांगितलं. माझ्या रक्तवाहिन्या चहा पिऊन येईपर्यंत म्हाताऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या पानावर पावडरीचा डबा होता. त्याच मांडवात कोपऱ्यात एक नर्स दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती, तिच्याकडे रांग नव्हती. पाच मिनिटं शांत बसवून, पाय टेकवून, गप्पा न मारता घेतलेला रक्तदाब, सोबत साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि “तंबाखू खाता का?” हा प्रश्न, एवढ्याने पाइपांबद्दल जितकं कळतं तितकं त्या दांड्याला जन्मात कळणार नाही. खऱ्या यंत्राची देशी उदाहरणंही आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारं बारा लीडचं टेलि-ईसीजी यंत्र बनवलं, ते खेड्यातून मोबाइलवरून डॉक्टरला पट्टी पाठवू शकतं.

काकांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी मी घरी गेलो आणि घड्याळाचं ॲप उघडलं. स्ट्रेसचे रंगीत आलेख वर झळकत होते. त्याखाली, तीन आठवड्यांपूर्वीचा, इंग्रजीतला, बारीक अक्षरांतला एक इशारा न वाचता पडलेला: नाडीची लय अनियमित. आणखी एक, नऊ दिवसांपूर्वीचा. “ते होय,” काका म्हणाले, “मला वाटलं अपडेट मागतंय. बाजूला सारलं.”

फॅमिली डॉक्टरांनी आधी हाताने नाडी बघितली, चांगली मिनिटभर. मग बारा लीडचा ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसरात्र अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी. नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात बनवलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं, वजन ३८ किलो. काकांना मिळालं ते काडेपेटीच्या दुप्पट. सोबत एक कागद दिला, दिवसभरात काय केलं ते वेळेसकट लिहायला, म्हणजे पट्टीवर काही सापडलं तर ताडून बघता येतं. त्यात दोन वेळा एएफ सापडला, एकदा पहाटे आणि एकदा जेवणानंतर. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. तो कागद मी वाचला. एसटीच्या लॉगशीटसारखा नेटका: ६.१० उठलो. ६.४० चहा. ११.०० बँक. आणि खाली, दोनदा अधोरेखित: ४.१५ ते ५.५० रमी, दोन डाव जिंकलो, जोशी चिडला.